हात लावायचा नाही

तोन, ९ मे

कनिशाय,

तू फोन उचलत नाहीस, माझे संदेश उघडूनही बघत नाहीस. म्हणून आपल्या मिनीबसवाल्या तालायच्या हाती हे पत्र आणि एक बरणी पाठवते आहे. त्याचा फोन तू उचलतेस, हे त्यानंच मला सांगितलं. वर हसलासुद्धा. साठी उलटलेल्या बाईसमोर असं हसतात का? मी त्याला चहादेखील विचारला नाही. (खोटं. विचारला. जर्दाळूचा मुरंबाही दिला.)

आणखी एक बातमी त्यानंच दिली. ऑगस्टमध्ये तू पुन्हा सरोवर पार करायला उतरणार आहेस. आपल्या काठावरून पलीकडे तामचीला, तेच पस्तीस किलोमीटर. तू चार वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई मॉस्कोला कामाला गेली आणि जाताना तुला माझ्या स्वयंपाकघरात बसवून गेली. तेव्हापासून तुझ्या तोंडात गेलेला घास न् घास मला माहीत असायचा. आता तुझी खबर मला ड्रायव्हरकडून कळते. असो. मी रागावलेली नाही. यंदा रागवायचा हक्क तुझा आहे.

तेव्हा आडवळणं न घेता विचारते. बोटीवर खाणं द्यायला मला घेशील?

मागच्या वर्षीचं माझं म्हणणं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. नियम मलाही पाठ होता. पोहणाऱ्यानं बोटीला हात लावायचा नाही, बोटीवरच्या माणसानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. दर अर्ध्या तासाला दोरी बांधलेली बाटली फेकायची, पिऊन झालं की ओढून घ्यायची. अकरा तास मी बाटल्याच फेकल्या. पण ते शहरी गोड पाणी तुला पचेना, पोटातलं सगळं ओकून टाकलंस, आणि मी नानचा तुकडा काढला. नान फेकता येतो का, कनिशाय? रस्त्यात पडलेला तुकडासुद्धा आपण उचलून कपाळाला लावतो आणि उंचावर ठेवतो. मी वाकून हातानं दिला, बोटं लागली, आणि बोटीवरच्या निरीक्षक बाईनं, लिदिया पाव्लोव्हनानं, शिट्टी फुंकली. सात किलोमीटर उरले होते. मी आपल्या रीतीनं वागले, एवढाच माझा गुन्हा.

बरणीत तालकान आहे. जव, गहू आणि मका भाजून दळलाय, त्यात लोणी, मध, चिमूटभर मीठ. कोमट पाण्यात सैलसर कालव, तीन तासांच्या पोहण्यात घेऊन बघ आणि पोट काय म्हणतं ते कळव.

तुझी मावशी,
झूराकान

२३ मे

कनिशाय,

बरणी परत आली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आपल्यात दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं पाठवत नाही, निदान एक गोळी तरी टाकतात. तू घासूनपुसून, लखलखीत रिकामी पाठवलीस. निरोप पोचला.

पण मुली, मी पंचवीस वर्षं आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. दोनशे माणसांची ताटं परत येताना बघितली आहेत. कुणी न खाता सोडलं, कुणी मांजराला घातलं, कुणी बोटं चाटली, हे मला भांड्यावरून कळतं. बरणीच्या तळाशी चमच्याचे ओरखडे होते. टाकून दिलेल्या खाण्यासाठी कुणी तळ खरवडत नाही. म्हणून दुसरी बरणी पाठवते आहे.

इकडे माझा सराव सुरू झाला आहे. हसू नकोस. रोज सकाळी सात वाजता धक्क्यावर उभी राहते आणि पाण्यात तरंगणाऱ्या ट्यूबमध्ये बाटली फेकते. ट्यूब म्हणजे तू. पहिल्या दिवशी तुझ्या डोक्यात चार बाटल्या बसल्या, आठ तुझ्यापासून लांब पडल्या आणि एक इशेनकुलच्या बोटीत गेली. तो जाळं सोडवत बसला होता. बाटली उचलून म्हणतो, "झूराकान, माझ्यावर रागच काढायचा तर समोर येऊन काढ."

मी म्हटलं, "तुझ्यावर राग काढायला बाटली कशाला, वल्हं पुरेल."

आता रोज सकाळी तो फेकलेल्या बाटल्या मोजतो. काल वीसपैकी चौदा बसल्या. चौदावीला टाळ्या वाजवल्या आणि स्वतःच लाजला.

तुझी,
मावशी

८ जून

माझी कनिशाय,

"मीठ कमी."

दोन शब्द! बरणीच्या झाकणाखाली, दुकानाच्या पावतीच्या मागे. तालाय म्हणाला, "मावशी, एवढं काय लिहिलंय?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय," आणि त्याला पाच अंडी दिली.

तर मीठ. तुझं बरोबर आहे. चार तास घाम गाळणाऱ्या माणसाला मीठ लागतं, आणि पाण्यात असलीस म्हणून तुला घाम येत नाही असं नाही, एवढं मला आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं समजावलं. तिच्याकडे मी दर बुधवारी जाते, गुडघ्याचं निमित्त करून. ती म्हणते, तासाला साठ ते सत्तर ग्रॅम साखर-पिठूळ पोटात जायला हवं, थोडं थोडं, आणि पोटाला त्याची आधीपासून सवय लावावी लागते. खांदे पोहायला शिकतात तसं पोटही शिकतं म्हणे. हे मला कुणी चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मी मीठ म्हणून कुरुत घेतलाय, आपलीच सुकवलेल्या दह्याची खारट गोळी. कोमट पाण्यात उगाळून गाळून घेतली. आणि पोटाची परीक्षा घ्यायला माणूस हवा होता, म्हणून इशेनकुलला धरलं. चार तास वल्हवायचं, दर अर्ध्या तासाला मी देईन ते प्यायचं, आणि खरं सांगायचं. तो म्हणाला, "आयुष्यभर मासे गळाला लावले, आता माझी पाळी."

पहिल्या दिवशी मी माक्सिम दिलं. जवाचं आंबवलेलं पेय, उन्हाळ्यात गाव पितंच की. तासाभरात तो इतका ढेकर द्यायला लागला की बगळे उडाले. वल्हं सोडून पोट धरून बसला. आंबवलेलं बाद.

दुसऱ्या खेपेला सुके जर्दाळू भिजवून वाटून दिले. गोड, मऊ, आपल्या झाडाचे. मला वाटलं आता जिंकलं. दोन तास छान गेले. तिसऱ्या तासाला इशेनकुलनं एकदम वल्हं आडवं धरलं. मग त्यानं बोट वळवली आणि काठाकडे असा सुटला की सरोवराच्या इतिहासात इतक्या वेगानं कुणी वल्हवलं नसेल. बोट बांधायलाही थांबला नाही, पळत खडकामागे. जर्दाळूही बाद.

तिसऱ्या खेपेला तालकान आणि कुरुत, आलटूनपालटून. चार तास पुरे करून उतरला आणि म्हणाला, "अजून आहे का?"

तीच बरणी पाठवते आहे. दुसऱ्या डबीत कुरुतचं पाणी करायच्या गोळ्या.

मावशी

२७ जून

कनिशाय, बाळ,

या वेळी अख्खी सात ओळींची चिठ्ठी! मी ती आरशाला अडकवून ठेवली आहे. जवाचा कोंडा घशात टोचतो, चौथ्या तासानंतर दाट नको, कुरुत चांगला पण दर खेपेला नको. आणि गेल्या रविवारी पलीकडच्या काठाला सहा तास पोहलीस आणि एकदाही ओकली नाहीस. सहा तास! मी ही ओळ इशेनकुलला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "यात निम्मा वाटा माझ्या आतड्यांचा आहे." हे मला नाकारता आलं नाही.

कोंड्याचं ऐकलं. आता पीठ मी तलम कापडातून दोनदा चाळते. तुझी ती शहरातली पांढरी पावडर मी शत्रू समजत होते, तिच्याशीही समेट केला आहे. एका खेपेला ती फिक्क्या चहात, पुढच्या खेपेला तालकान, आणि तिसऱ्या खेपेला कुरुतचं गरम पाणी. गोडानं तोंड फिरायच्या आत खारट येतं. नर्सनं हिशेब तपासून दिला आणि म्हणाली, गुडघा कसा आहे? मी म्हटलं, कुठला?

काल वीसपैकी एकोणीस बाटल्या ट्यूबमध्ये पडल्या. विसावी वाऱ्यानं नेली, माझी चूक नाही.

चिठ्ठीच्या शेवटी तू जे विचारलंयस ते मी वाचलं. "नान त्या झाकणाच्या कपात घालून, दोरीनं सोडता आला नसता?" त्याचं उत्तर आज देत नाही. आज चुलीवर दूध आहे.

मावशी

१२ जुलै

कनिशाय,

दूध उतू जाऊन पंधरा दिवस झाले. तालाय दोनदा रिकाम्या हातानं गेला. आता लिहिते.

हो. सोडता आला असता. कप माझ्या पायाशीच होता. झाकणाचा, लांब दोरी बांधलेला. मला तो दिसतही होता.

नान फेकत नाहीत हे खरं आहे. पण मी वर्षभर त्या नानच्या आड लपले. गावात सगळ्यांना तेच सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, बिचारी, रीत पाळली आणि पोरगी रुसली. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

खरं असं आहे. तुझे ओठ जांभळे झाले होते. तू दोनदा ओकली होतीस. आणि तू मान वर करून मला विचारलंस, "मावशी, काठ कुठल्या बाजूला?" समोर डोंगर दिसत होते. त्या क्षणी मला सरोवर नको झालं, विक्रम नको झाला. मला फक्त तू बोटीत हवी होतीस. म्हणून मी नान काढला, म्हणजे तुला जवळ यावं लागेल. तू आलीस. आणि बोटं "लागली" नाहीत. मी धरली. तू हात सोडवून घ्यायला बघत होतीस आणि मी सोडला नाही. शिट्टी वाजल्यावरही नाही. लिदिया पाव्लोव्हनानं कागदावर "स्पर्श" एवढंच लिहिलं. ती कडक बाई असेल, पण त्या दिवशी तिनं मला वाचवलं.

आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस. मी गावभर रीत-रीत करत फिरत होते आणि तू गप्प होतीस. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तू खरंच संकटात होतीस का, मला माहीत नाही. लिदिया पाव्लोव्हना म्हणते, नव्हतीस. तिनं तुला नाव विचारलं, तारीख विचारली, तू बरोबर सांगितलंस, काठाचं भान सुटणं थकव्यात होतं म्हणाली. धोका असता तर तिनंच तुला बाहेर काढलं असतं, तेच तिचं काम. मी तेवढंही विचारलं नाही. मी तुझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या भीतीकडे बघितलं. अकरा तास तू पोहलीस आणि दोन क्षणांत मी ते घालवलं. मला क्षमा कर.

मला बोटीवर घेऊ नकोस असं वाटत असेल तर घेऊ नकोस. कृती पाठवते आहे, मापासकट. कुणीही करू शकेल.

पण एक प्रश्न माझाही आहे. मी बोटीवर असले आणि तूच माझा हात मागितलास, तर मी काय करू? ते लिही.

झूराकान

३० जुलै

कनिशाय!!

आत्ता, सकाळी साडेदहाला, तालायनं अर्ध्या रस्त्यात बस थांबवून भोंगा वाजवला. सगळी बस खिडक्यांतून बघत होती. बरणी! टॉफ्यांनी गच्च भरलेली! आणि चिठ्ठी: "लिदिया पाव्लोव्हनाला खाणं देणाऱ्याचं नाव कळवायचं होतं. तुझं कळवलं. ११ ऑगस्ट, पहाटे साडेपाच. नावाडी इशेनकुल."

मी तिथेच रस्त्यात नाचले. अगं बाई, एकसष्टाव्या वर्षी! एका प्रवाशानं फोनवर चित्रण केलं, कुठे दिसलं तर कळव. सगळ्या बसला टॉफ्या वाटल्या. इशेनकुलला सांगायला धक्क्यावर पळत गेले, तर तो म्हणाला, "मला आठवडाभर आधीपासून माहीत आहे." त्याला टॉफी दिली नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू लिहिलेलं नाहीस. चिठ्ठी मी मागूनपुढून बघितली. बरं. तू विसरलीस असं मी समजत नाही.

चाळणी, कापड, थर्मास सहा, बाटल्या बारा, दोरी नवी. दुंब्या मेंढ्याची चरबी वितळवून गाळून ठेवली आहे, काखेला आणि मानेला लावायला. मी तयार आहे.

मावशी

११ ऑगस्ट, बोटीवर, सकाळी ६.४०

कनिशाय,

तू माझ्यापासून दहा हातांवर आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. कारण सांगते. माझे हात मोकळे असले की माझा मलाच भरवसा वाटत नाही. म्हणून एका हातात वही, एका हातात पेन्सिल. लिदिया पाव्लोव्हना समोर बसली आहे, मांडीवर फळी, गळ्यात तीच शिट्टी. तिनं वहीकडे बघितलं आणि आपल्या कागदावर वेळ टिपली.

काल संध्याकाळी आलीस, चहा प्यालीस, वाऱ्याबद्दल बोललीस, पाण्याच्या गारव्याबद्दल बोललीस. मीही. दोन परक्या बायका बोलतात तसं. पण आज पहाटे काठावर मी तुला चरबी लावली. उतरण्याआधी हात लावायला नियमाची आडकाठी नाही. वर्षभरानं तुझे खांदे हाताखाली आले आणि केवढे झाले आहेत गं, सुताराच्या पोरीसारखे! मी भराभर चोळत होते आणि डोळे कोरडे ठेवत होते. तू म्हणालीस, "मानेला अजून लाव, मावशी." बस्स. माझा दिवस तिथेच भरला.

९.३०

आठवी बाटली. आठही तुझ्या हाताशी पडल्या. इशेनकुल मोजतो आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ, तुझे हात एका लयीत पडताहेत, मिनिटाला चौसष्ट. सातवी कुरुतची होती. तू तोंड वाकडं केलंस पण संपवलीस. दक्षिणेचे डोंगर मागे सरले आहेत.

इशेनकुल गाणं म्हणायला लागला. लिदिया पाव्लोव्हना म्हणाली, "हे नियमात बसतं का ते बघावं लागेल." मला वाटलं खरंच म्हणते आहे. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं.

दुपार, १.१०

बावीस किलोमीटर. अर्ध्याच्या पुढे! तू पाठीवर वळून ओरडलीस, "मावशी, भूक लागलीये!" पोहणारी माणसं ओकतात, रडतात, गप्प होतात, भूक लागलीये म्हणून ओरडणारी तूच. लिदिया पाव्लोव्हनानं हेही कागदावर लिहिलं. मी पुढचं सगळं तालकान जरा घट्ट केलं आणि हात सैल सुटून मधही जास्त घातला. प्रेमात चूक झाली ती अशी.

४.२०

उलान वारा आला. पश्चिमेकडून, घळीतून, दुपारच्या चहाच्या वेळेला येतो तसाच. लाटा उभ्या राहिल्या आहेत. तू एक हात पुढे जातेस आणि अर्धा मागे येतेस. इशेनकुल गात नाही. मी दोन बाटल्या चुकवल्या, तिसरी पोचली. तू अर्धीच प्यालीस. ओठ तसेच होत चालले आहेत. मी लिहिते आहे कारण लिहिलं नाही तर मी बोटीबाहेर वाकेन.

६.०५

बोट हिंदकळते आहे, अक्षर वाचता येईल ना?

आत्ता काय झालं ते तुला कदाचित आठवणार नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते. तू थांबलीस. उभ्यानं पाय मारत बोटीजवळ आलीस. तीन किलोमीटर उरले आहेत. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. तू हात वर केलास आणि म्हणालीस, "मावशी, हात दे."

लिदिया पाव्लोव्हनानं शिट्टी ओठात धरली. वही माझ्या मांडीवरून घसरली. मी तुला विचारलं होतं ना, तू हात मागितलास तर काय करू? तू उत्तर दिलं नव्हतंस. आता तुझा हात माझ्या हातापासून वीतभर लांब होता.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. आणि या खेपेला मी तुझ्याकडे बघितलं.

"का गं?" मी विचारलं.

"संपलं माझं. हात दे."

"मघाशी काय प्यालीस?"

"मावशी, हात दे ना!"

"आधी सांग. काय प्यालीस?"

तू दात वाजवत म्हणालीस, "तालकान." मग कपाळाला आठ्या घालून म्हणालीस, "आणि त्यात मध जास्त पडलाय. नुसता चिकटा. कितीदा सांगायचं तुला?"

इशेनकुल वल्हं धरून फस्सकन हसला. आणि मला कळलं. पंचवीस वर्षांच्या स्वयंपाकात मी एक शिकले आहे: जो माझ्या हातच्या खाण्याला नावं ठेवतो तो ठणठणीत असतो. जे आजारी असतात ते "छान आहे" म्हणतात.

लिदिया पाव्लोव्हनानंही विचारलं, "समोर काय दिसतं?" तू म्हणालीस, "तामचीची पाण्याची टाकी. आणि निळ्या छताचं दुकान." तिनं शिट्टी ओठातून काढली.

"मग पोह," मी म्हटलं. "पुढची बाटली अर्ध्या तासानं. कमी मधाची."

तू मला एक शिवी दिलीस. ती इथे लिहीत नाही. ती तुला मीच शिकवली होती, दुधवाल्यासाठी. मग तू तोंड पाण्यात घातलंस आणि तुझा उजवा हात पडला, डावा पडला, उजवा पडला.

तुझी पाठ वळल्यावर मी रडले. सांगून टाकते, लपवाछपवी पुरे झाली. इशेनकुलनं वही उचलून माझ्या हातात दिली.

६.४०

कमी मधाची बाटली संपली. एक थेंब उरला नाही.

७.४०

वारा पडला. काठ दिसतो आहे, माणसंसुद्धा. मक्याची कणसं विकणारी बाई, ट्यूबवर बसलेले पाहुणे, सगळे उभे राहून बघताहेत. इशेनकुल पुन्हा गातो आहे आणि या वेळी लिदिया पाव्लोव्हना ताल धरते आहे, फळीवर, पेन्सिलीनं.

बोट पुढे न्यायची नाही. तू एकटीनं बाहेर यायचं, पूर्ण कोरड्या वाळूवर, कुणी हात न लावता. मी काठावरच्या लोकांना इथून ओरडून सांगितलं, "मागे सरा! कुणी धरायचं नाही तिला!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

७.५२

पाय टेकले. पडलीस. उठलीस. गुडघ्यापर्यंत पाणी. परत पडलीस. एक माणूस पुढे झाला, मी त्याला इथून अशी हाक घातली की तो जागच्या जागी बसला. उठ. उठ गं. चारपायांवर चाल, पण चाल.

पाणी घोट्यापर्यंत. पाणी संपलं. वाळू. आणखी एक पाऊल. आणखी एक.

लिदिया पाव्लोव्हनानं घड्याळ बंद केलं. चौदा तास बावीस मिनिटं. तिनं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि मला म्हणाली, "जा आता, झूराकान."

तू वळलीस. बोटीकडे बघते आहेस. दोन्ही हात पसरलेस आणि ओरडते आहेस, "आता दे! मावशी, आता दे!"

वही इशेनकुलकडे देते. मला दोन्ही हात लागणार आहेत.